रांगेतली पिशवी

बाईंना पाठीमागे सगळे 'म्हणजे-काय-बाई' म्हणायचे, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. खोटं काय होतं त्यात? विद्यार्थी प्रबंधाची चार पानं लिहून आणायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा, पहिलं वाक्य वाचायचा, की बाई विचारायच्या, "म्हणजे काय?" तो सांगायचा. "म्हणजे काय?" तो आणखी सोपं करून सांगायचा. चौथ्या 'म्हणजे काय'पर्यंत गडी घामाघूम व्हायचा, आपलंच वाक्य आपल्याच हाताने खोडायचा आणि तोंडून जे साधंसुधं निघालं होतं, ते खाली लिहून टाकायचा. एवढा वेळ बाई हाताची घडी घालून बसलेल्या असायच्या. टेबलावर पेन एकच, आणि तेही विद्यार्थ्याच्या बाजूला. त्यांच्या स्वतःच्या गुरूंनी घालून दिलेला दंडक होता तो: वाक्य ज्याचं, पेन त्याचं. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीतून रडत बाहेर पडलेली पोरं पुढे पदवी घेऊन हसत भेटायला यायची.

मग साथ आली. विद्यापीठाला कुलूप लागलं, वसतिगृहं ओस पडली आणि बाईंचं मार्गदर्शन झोपायच्या खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलावर येऊन बसलं. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला इस्त्री व्हायची राहिलेली चादर. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात बाईंचे यजमान. हे नुकतेच रिटायर झालेले. बाहेर जायची सोय नाही, घरात करायला काही नाही, तेव्हा त्यांनी भाज्या निवडायचं खातं आपल्याकडे घेतलं होतं. भिंत पातळ. विद्यार्थ्यांची तोंडं यजमानांनी कधी पाहिली नाहीत, पण आवाज सगळे पाठ झाले, आणि आवाजावरून त्यांनी एकेकाचं बारसं उरकलं.

पहिली 'नेटवर्क'. "अध्याय कुठवर आलाय गं?" असं बाईंनी विचारलं, की नेमकं त्याच क्षणी तिचं नेटवर्क जायचं. चेहरा पडद्यावर गोठलेला, ओठ अर्धवट उघडे. मागचा पंखा मात्र गरगर फिरत असायचा. बाई चांगल्या मिनिटभर त्या पंख्याकडे बघत बसायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा असा प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसरा 'भाषणमंत्री'. सगळा प्रबंध त्याच्या डोक्यात तयार होता, फक्त कागदावर उतरायचा बाकी होता. तो तासभर बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, "तर असं आहे बाई, आता फक्त लिहायचंय." पलीकडून यजमान टाळी वाजवायचे.

आणि तिसरा 'होयबा'. यजमानांना त्याचं नाव ठेवायला काही डोकं चालवावं लागलं नाही. "हो बाई. हो बाई. तुम्ही म्हणता तसंच, बाई." एवढ्यावर त्याची मीटिंग संपायची. घर एका खोलीचं, त्यात आई, बायको आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी. म्हणून हा मेहुण्याच्या बंद गाडीत जाऊन बसायचा. पडद्यावर खाली स्टिअरिंगचा अर्धा गोल आणि वर त्याचा घामेजलेला चेहरा, असंच त्याचं दर्शन. काचा खाली केल्या तर रस्त्यावरचा आवाज येतो आणि वर केल्या तर जीव घुसमटतो, हेही बाईंना तिसऱ्या महिन्यात कळलं. तेसुद्धा त्यांनी खोदून विचारलं म्हणून. स्वतःहून सांगेल तर तो होयबा कसला?

त्याचा विषय होता रांग. माणसं रांगेत कशी उभी राहतात, जागा कशी धरतात, कोणावर विश्वास टाकून घटकाभर बाजूला होतात. साथ आली आणि त्याचं नशीब एका अर्थी उघडलं, कारण गावभर रांगाच रांगा लागल्या. घरासमोरच औषधाचं दुकान होतं. बाकीचे घरात अडकून पडले होते, तेव्हा हा पठ्ठ्या गाडीत बसून समोरच्या रांगेकडे बघत होता.

पण त्याच्या मानेवर सुरी होती, आणि ती बाईंना दिसत होती. मुदतवाढ मागून मागून झाली होती, ही शेवटची. महिनाअखेरीला प्रगती समिती बसणार, पडद्यावरच, आणि तिने जर अध्याय नापसंत केला तर नोंदणी रद्द. ज्या कॉलेजात तो तात्पुरता शिकवत होता, तिथे नोंदणी आहे तोवरच त्याला ठेवणार होते. म्हणजे नाव कापलं गेलं, की पदवीही गेली आणि नोकरीही.

त्यातून त्या वर्षात बाईंच्या हातून एकेक जण निसटत चालला होता. भाषणमंत्री मामाच्या दुकानात बसायला लागला आणि एक दिवस "बाई, संसार बघायला हवा" म्हणून मोकळा झाला. नेटवर्कचं नेटवर्क एकदा गेलं ते चार दिवस आलंच नाही. बाई चरफडल्या. म्हणाल्या, आता मात्र हिने हद्द केली. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून होती, तिथे खरंच नेटवर्क नव्हतं, आणि वडील सकाळी गेले होते. बाईंना तो पंखा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. "तू आधी आईला सांभाळ," एवढंच त्या बोलू शकल्या.

त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं, हा एक तरी तडीस न्यायचा. काय वाट्टेल ते झालं तरी होयबाला बुडू द्यायचं नाही.

आता हे ठरवण्यात वाईट काही नव्हतं. पण समोर विद्यार्थी नाही, टेबलावर पेन नाही. फाईल मेलने येते, ती आपल्या लॅपटॉपवर उघडते आणि कीबोर्ड असतो आपल्या बोटांखाली. पहिल्या आठवड्यात बाईंनी कडेला नेमाने 'म्हणजे काय?' लिहिलं. होयबाचं उत्तर आलं: "हो बाई, बरोबर आहे, बदलतो." आणि बदललं काहीच नाही. बिचारा बदलणार तरी काय? समोर बसून तो बोलला असता. कागदावरच्या 'म्हणजे काय'ला कोण उत्तर देतं? दुसऱ्या आठवड्यात बाईंनी एक शब्द सुचवला. तिसऱ्या आठवड्यात एक वाक्य. मग वाटलं, दिवस थोडे आहेत, सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं. लाल अक्षरं पानभर पसरायला लागली. होयबाकडे फाईल परत गेली, की तो एकच बटण दाबायचा: सगळे बदल मान्य.

"त्याला बटणसुद्धा होयबाच मिळालंय," यजमान म्हणाले.

"तुम्ही शेंगा सोला," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर बाईंना मजा यायला लागली होती. किती वर्षांनी त्या स्वतः लिहीत होत्या! हाताची घडी घालून घालून बोटं आंबली होती जणू. सकाळचा चहा झाला, की त्या इस्त्रीच्या टेबलाशी बसायच्या आणि होयबाची ओबडधोबड वाक्यं तासून, रंधा मारून, पॉलिश करून ठेवायच्या. एका ठिकाणी त्याने औषधाच्या दुकानासमोर दिसलेली एक गोष्ट लिहिली होती, चांगली पानभर, कुठल्याशा पिशवीची. बाईंनी ती वरवर चाळली. अगदीच किस्सा वाटला त्यांना. समिती म्हणेल, हे काय गप्पाष्टक आहे? त्यांनी ते पान काढून टाकलं आणि त्याच्या जागी एक भारदस्त वाक्य बसवलं. होयबाने मान्य केलं.

समितीच्या आदल्या दिवशी बाईंनी अख्खा अध्याय वाचला आणि तो उत्तम होता. कोणाचा होता, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

समितीचे तिघे. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. दुसरे चष्मेवाले, चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिसऱ्या बाई नव्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मांजर होतं. नियम असा, की मार्गदर्शकाने हजर राहायचं पण बोलायचं नाही. बाईंनी माईक बंद केला आणि सवयीने हाताची घडी घातली. होयबा आला. स्टिअरिंग, घाम, इस्त्रीचा शर्ट. आज त्याने काचा वर केलेल्या दिसत होत्या.

सुरुवात झकास झाली. होयबाने अध्यायातलं वाचून दाखवलं, चष्मेवाल्यांनीसुद्धा मान डोलावली. बाईंच्या जिवात जीव आला. पलीकडे शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे यजमानही कान देऊन होते.

अध्यक्षांनी पान उलटलं. "भाषा फार सफाईदार आहे हो तुमची. हे एक वाक्य मी खूण करून ठेवलंय. 'अनुपस्थितीचे भौतिक प्रतिनिधित्व हे रांगेतील सामूहिक विश्वासाचे मूर्त रूप होय.'" त्यांनी मान वर केली. "म्हणजे काय?"

बाईंना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचाच प्रश्न आणि त्यांचंच वाक्य. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

होयबाने खाली बघितलं, तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं, थोडं हळू. मग म्हणाला, "म्हणजे सर, अनुपस्थिती... जी भौतिक असते... तिचं प्रतिनिधित्व."

"ते मीही वाचलं. म्हणजे काय?"

मांजर टेबलावर चढलं आणि उतरलं.

चष्मेवाले पुढे सरकले. "हे वाक्य तुमचंच आहे ना?"

बाईंची बोटं कीबोर्डवर आली. त्यांना होयबाचा चेहरा दिसत होता आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. पडद्याच्या ज्या चौकटीत बाई होत्या, तिकडे बघत असावा. बाईंना वाटलं, नाही म्हण रे. एकदा तरी नाही म्हण.

"हो," होयबा म्हणाला.

"मग अर्थ सांगा. स्वतःच्या वाक्याचा अर्थ येत नसेल तर आम्ही काय समजायचं? कुठून उचललंय हे?"

होयबा घाम पुसायला लागला. आता तो बुडत होता, सगळ्यांच्या देखत, आणि बाईंच्या वाक्याचा धोंडा गळ्यात बांधून. आणि तरी बाईंचं नाव घेत नव्हता. बाई एरवी भित्र्या नव्हत्या, पण त्या घटकेला त्यांची पाचावर धारण बसली. खरं बोललं तर अध्याय त्याचा नाही हे उघड होणार. नाही बोललं तर पोरगा चोर ठरणार. दोन्हीकडून तोच मरत होता, आणि केलं होतं सगळं बाईंनी.

त्यांनी माईक उघडला.

"वाक्य माझं आहे," बाई म्हणाल्या. "त्याने कुठून उचललेलं नाही. मी घातलंय. त्याचं काढून तिथे माझं घातलं. असं बऱ्याच ठिकाणी केलंय मी."

पलीकडे स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

"बाई, तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. त्यांनी बाईंचं नाव चांगलंच ऐकलेलं होतं.

"हो, मी."

"मग या अध्यायात याचं काय आहे?" चष्मेवाले म्हणाले. "पुठ्ठा?"

बाईंनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. मग म्हणाल्या, "त्याला फाईल बंद करायला सांगा. आणि ती पिशवीची गोष्ट विचारा."

नियमात हे बसत नव्हतं, पण मांजरवाल्या बाई म्हणाल्या, "कसली पिशवी?" आणि अध्यक्षांनी हाताने खूण केली, बोलू द्या.

होयबाने फाईल बंद केली. आधी अडखळला. मग त्याने गाडीची काच खाली केली आणि रस्त्याचा आवाज आत आला. तो समोर बोट दाखवून बोलायला लागला, जसं काही समिती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली होती.

"ते समोर दुकान आहे ना सर, तिथे त्यांनी खडूने गोल आखलेत. एकेका गोलात एकेक माणूस. पण ऊन असलं, की माणसं गोलात पिशवी ठेवतात आणि भिंतीच्या सावलीला जाऊन बसतात. माणूस नसला तरी चालतं, त्याची पिशवी उभी पाहिजे. रांग सरकली, की मागचा माणूस आधी पुढच्याची पिशवी पुढे सरकवतो, मग आपली. सांगावं लागत नाही कोणाला. एक म्हातारेबुवा काठी ठेवून गेले, काठी काही उभी राहीना, तर लोकांनी आळीपाळीने धरली." तो जरा हसला. "एकदा एक निळी पिशवी होती. तिच्या माणसाला सावलीतच चक्कर आली आणि त्याला उचलून नेलं. गडबडीत पिशवी राहिली. रांग सरकायला लागली तशी लोकांनी तीही सरकवली. एकेक गोल करत ती काउंटरपर्यंत पोचली. दुकानदार म्हणाला, 'कोणाची?' कोणीच बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं कोणाची ते. मला वाटलं, आता बाजूला टाकतील. तर मागच्या एका बाईने ती उचलली आणि नेऊन रांगेच्या शेवटी ठेवली. म्हणाली, 'येईल तो.' संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत ती पिशवी रांगेत होती सर. दोनदा काउंटरला जाऊन आली."

"तो आला?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी दुकानदाराने आत घेतली. अजून खिळ्याला टांगलेली आहे. इथून दिसते."

अध्यक्ष दाढीवरून हात फिरवत राहिले. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला. बाई इस्त्रीच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांना रडू येत होतं. नेटवर्कच्या वडिलांची आठवण येत होती. आपण हे पान काढून टाकलं, हे तर काही केल्या मनातून जात नव्हतं. एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, म्हणजे काय, तर त्याने हेच सांगितलं असतं.

समितीने बाईंना आणि होयबाला थोडा वेळ बाहेर ठेवलं. परत घेतलं तेव्हा अध्यक्षांनी निकाल सांगितला. अध्याय परत. सगळा नव्याने, स्वतःच्या भाषेत. पुढच्या बैठकीपर्यंत नोंदणी चालू राहील, त्यापुढे नाही. होयबा म्हणाला, "हो सर." चष्मेवाले म्हणाले, "आणि आता तरी आळस नको." होयबा म्हणाला, "हो सर."

"आणखी एक," अध्यक्ष म्हणाले. त्यांना ते बोलणं जड जात होतं, हे दिसत होतं. "जे झालं ते बघता समितीला असं वाटतं, की तुम्हाला मार्गदर्शक बदलून द्यावा. बाईंचा मान ठेवूनच म्हणतोय मी. पण तुमच्या भल्याचं आहे. देऊ ना बदलून?"

बाईंनी माईक बंद केला. आता त्यांच्या बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. काय उत्तर येणार, हेही त्यांना ठाऊक होतं. वरच्या माणसाने 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाला या पोराने आजवर दुसरं उत्तर दिलेलंच नव्हतं. बरोबरच होतं म्हणा. आपण स्वतः त्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं त्यांनी मनाला बजावलं.

होयबाने तोंड उघडलं, मिटलं. गाडीच्या मागून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"नाही सर. बदलून नको. बाईच हव्यात." त्याचा आवाज थोडा चढला, मग त्याने तो आवरला नाही. "पण बाईंनी माझ्या फाईलला हात लावायचा नाही. त्यांनी विचारायचं, जितकं विचारायचंय तितकं. लिहीन मी."

मांजरवाल्या बाई हसल्या. अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं. बाईंना ते लागलं, चांगलंच लागलं, आणि बरंही वाटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे कबूल. मग कोणाला दिसो न दिसो, कीबोर्डवरचे हात काढले आणि घडी घालून बसल्या.

पडदा काळा झाला. यजमान दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात शेंगांची चाळणी होती, पण निम्म्या शेंगा तशाच.

"शेवटी बोलला तो कोण गं?" त्यांनी विचारलं. "समितीतला कोणी होता का? आवाज ओळखीचा नाही वाटला."

"होयबा," बाई म्हणाल्या.

"काहीतरीच!"

"अहो, खरंच." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातली चाळणी आपल्या मांडीवर घेतली. "आणा त्या शेंगा इकडे. माझ्या हातांना काम हवंय. आणि तुम्ही त्याला दुसरं नाव शोधा."